सुईताईची तीन बोटं

‘टायर आणि मडगार्डची कड यांत तीन बोटं जागा राहिली पाहिजे. राहत नसेल, तर ते चाक कितीही शोभून दिसो, घरी आणायचं नाही.’

टायरमामांचं हे सांगणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं. त्या दिवशी त्यांच्या दुकानात गाडीची डिकी उघडी होती, म्हणून मला ते नीट ऐकू आलं. एरवी माझ्या कानावर येतं ते गालिच्यातून गाळून येतं.

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीच्या डिकीत, गालिच्याखाली पडून असणारं पाचवं चाक. पोलादाचा पत्रा तापवून, दाबून, गोल करून मला घडवलं, अंगावर काळा रंग चढवला आणि वर टायर बसवला. आम्ही पाच भावंडं एकाच दिवशी एका छोट्या गाडीच्या वाट्याला आलो. चौघांना रस्ता मिळाला, मला डिकी मिळाली. सुरुवातीला फार वाईट वाटलं. मग मनाला समजावलं, की देवाने प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलं आहे आणि माझं काम वाट पाहण्याचं आहे.

गाडीचे पहिले मालक एक मास्तर होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गालिचा उचलून माझी हवा बघायची, हा त्यांचा नेम. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा अंगावर शाल घेऊन खाली आले आणि हवा बघून गेले. एकदा परीक्षेच्या सकाळी मागचं चाक पंक्चर झालं. मास्तरांच्या शेजारच्या सीटवर प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्या दिवशी मी बारा किलोमीटर धावले आणि शाळेची घंटा व्हायच्या आत गठ्ठा पोचला. मास्तरांनी रुमालाने मला पुसलं आणि एवढंच म्हणाले, "वेळेला उभी राहिलीस." त्या तीन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मास्तर थकले आणि गाडी सुईताईकडे आली.

सुईताई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिचा हात इतका हलका, की सुई कधी टोचली ते पेशंटला कळतच नाही. म्हणून पेशंटांनीच तिला हे नाव दिलं. तिची बोटं लांबसडक आणि बारीक. ही बोटं लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी काळजी त्या बोटांपासून सुरू झाली.

सुईताईचा गाडीवर फार जीव. आखूड स्प्रिंगा घालून तिने गाडी खाली बसवून घेतली. गाडी देखणी झाली, खोटं कशाला बोलू. पण खाली आल्यावर माझी चार भावंडं तिला किरकोळ दिसू लागली. म्हणून ती टायरमामांकडे गेली.

"मामा, मला चाकं अशी हवीत, की कडेला अगदी बरोबर येतील. आत गेल्यासारखी दिसायला नकोत."

टायरमामांचा आवाज घोगरा आणि हात राकट. त्यांचं एकेक बोट सुईताईच्या दोन बोटांएवढं. ते म्हणाले, "माझ्याकडे साधी मिळतात. झगमगीत हवी असतील, तर चौकातल्या दुकानात जा. मी रागावणार नाही. पण गाडी खाली बसवलीस ना, आता चाकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, वरच्या जागेकडे बघायचं." आणि मग त्यांनी ते तीन बोटांचं सांगितलं.

चौकातलं दुकान आरशासारखं लख्ख होतं. भिंतीवर ओळीने अलॉयच्या, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या, रिमा टांगलेल्या. एकीला सायकलसारख्या बारीक काड्या, एक खोल वाडग्यासारखी, तर एक साधी पाच पाकळ्यांची. सुईताई एक तास त्यांच्यासमोर उभी होती. शेवटी तिने वाडग्यासारखी रुंद रिम निवडली, आणि तिच्यावर तेवढाच रुंद टायर.

दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "मागे कोण बसतं?"

"कुणी नाही. मी एकटीच असते."

"मग हरकत नाही."

माझी चार भावंडं निघाली आणि दुकानाच्या मागच्या दाराने गेली. निरोप घ्यायलाही मिळालं नाही. दुकानदाराने आमचे जुने चार नट मात्र एका पिशवीत घालून माझ्या कुशीत ठेवले. "स्टेपनीला हेच लागतील. नवे चालणार नाहीत," तो म्हणाला.

नवी चाकं चढल्यावर सुईताई वाकली आणि टायर व कड यांच्या मधे तिने तीन बोटं घातली. ती अलगद आत गेली.

"बसली," ती आनंदाने म्हणाली.

मामांनी सांगितलेली तीन बोटं ही नव्हेत. मामांच्या हातांनी मला कितीदा उचललं आहे, त्यांच्या बोटांची जाडी मला माहीत आहे. त्यांची दोनच बोटं तिथे कशीबशी गेली असती. पण चाकाला तोंड असतं कुठे? मी आतल्या आत घुसमटत राहिले.

काही महिने नीट गेले. सुईताई एकटी असायची, गाडी हलकी असायची आणि चाकं दिमाखात फिरायची. रस्त्यात लोक वळून बघत. माझ्यावर मात्र छत्री आली, मग पुस्तकांचं खोकं आलं, मग जुन्या चादरींचं गाठोडं. पहिल्या तारखा येत होत्या आणि जात होत्या. माझी हवा हळूहळू कमी होत होती. तिला त्रास द्यायचा नाही, असं मी मनाशी म्हणायचे आणि तरी दर वेळी डिकी उघडली की वाटायचं, आज गालिचा उचलेल.

मग सुईताईच्या आईच्या डोळ्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, की दर महिन्याला ठरल्या दिवशी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. एक जरी चुकलं, तर उरलेली नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही.

पहिल्या खेपेला आई पुढच्या सीटवर बसली. समोरच्या उन्हाने तिच्या डोळ्यातून धार लागली. म्हणून दुसऱ्या खेपेला तिला मागे बसवायचं ठरलं आणि सोबतीला मावशी आली. मावशी अंगाने भक्कम, आवाजानेही तशीच.

"ही गाडी आहे की सतरंजी?" बसता बसता ती म्हणाली. "खाली बसायला दोन माणसं लागतात आणि उठायला चार."

"मावशी, आधी बस तर खरी. बारा वाजता डॉक्टर उठून जातात."

"बसले गं बाई. आता तुझ्या स्प्रिंगांना विचार, त्या बसल्या का."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मावशी बसताक्षणी गाडी जी खाली गेली, ती मला अंगभर जाणवली.

पहिल्या खड्ड्याला आवाज आला. घर्रर्र.

"काय गं झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही. रस्ता खराब आहे."

सुईताईचा आवाज मला ओळखू येतो. तो आवाज खरं बोलणाऱ्याचा नव्हता. पुढे उताराच्या शेवटी रस्ता खोलगट आहे, तिथे पुन्हा घर्रर्र झालं आणि या वेळी जळक्या रबराचा वास डिकीपर्यंत आला. मडगार्डची पत्र्याची कड टायरला सुरीसारखी कापत होती. देवा, तिला थांबव, मी म्हणत होते. तिसऱ्या हादऱ्याला मोठा आवाज झाला, गाडी डावीकडे झोकांडली, मागून कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवला आणि आईच्या तोंडून "अगं" एवढाच शब्द निघाला.

गाडी एका रंगाच्या दुकानासमोर कडेला थांबली. कुणाला लागलं नव्हतं. अकरा वाजून गेले होते.

डिकी उघडली. छत्री, खोकं, गाठोडं फुटपाथवर गेलं. गालिचा उचलला गेला आणि कितीतरी महिन्यांनी माझ्यावर ऊन पडलं. सुईताईने माझ्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतकी लाज वाटली, मित्रांनो, की काय सांगू. जिच्यासाठी सारा जन्म थांबले, ती घटका आली आणि माझ्यात दम नव्हता.

"डिकीत पायाचा पंप आहे बघ," मावशी म्हणाली. "तू चाक काढ, हवेचं मी बघते. इतकं वजन वाढवलंय, ते कधीतरी कामी येऊ दे."

मावशीने चप्पल काढली आणि पंपावर पाय ठेवला. ती मोठ्याने मोजत होती, शंभराच्या पुढे चुकत होती आणि पुन्हा साठपासून सुरू करत होती. रंगाच्या दुकानातून एकाने स्टूल आणून आईला सावलीत बसवलं. जॅक लावून सुईताईने फाटलेलं चाक उतरवलं. मला चढवलं आणि हातातला नवा नट माझ्यावर बसवायला गेली. तो बसेना. दुसराही बसेना. मग तिला ती पिशवी आठवली. जुने चारही नट ओळखीच्या घरात शिरावं तसे आत गेले.

पुढचं अंतर ती बैलगाडीच्या चालीने गेली. मी एका बाजूने धावत होते आणि पलीकडच्या बाजूच्या चाकाकडे माझे कान लागले होते. प्रत्येक खड्ड्याआधी सुईताई गाडी जवळजवळ थांबवत होती. आम्ही पोचलो तेव्हा बाराला सहा मिनिटं होती. मावशीने आईचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. सुईताई मागोमाग धावली.

मी बाहेर उन्हात वाट पाहत राहिले. वाट पाहणं मला येतं. पण तशी वाट मी कधी पाहिली नव्हती.

पाऊण तासाने त्या आल्या. आईच्या डोळ्यावर पट्टी होती. इंजेक्शन मिळालं होतं. मावशी समोरून पाणी आणायला गेली. गाडीची काच खाली होती.

आई म्हणाली, "तो आवाज रस्त्याचा नव्हता ना?"

"नव्हता."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच खड्ड्याला."

"मग थांबली का नाहीस?"

"उशीर झाला असता, आई. तुझा डोळा गेला असता."

आई अगदी हळू म्हणाली, "एका डोळ्यासाठी तिघींचे जीव, हा कुठला हिशोब गं?"

सुईताई रडली नाही. ती म्हणाली, "भरलेली गाडी त्या उतारावरून नेऊन बघितल्याशिवाय तुला यात बसवणार नाही. आज तुम्ही टॅक्सीने घरी जा. शब्द देते."

"दे," आई म्हणाली. "आणि मला एका डोळ्याने दिसत नसलं, तरी दोन्ही कानांनी ऐकू येतं, हे लक्षात ठेव."

त्याच दुपारी रिकामी गाडी हळूहळू मामांकडे आली. मामांनी नव्या चाकावर बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडलं. त्यांनी सुईताईकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे.

"माझी तीन म्हणालो होतो, पोरी."

"मला वाटलं, बोटं म्हणजे बोटं."

"चूक माझीही आहे. पट्टी घेऊन सांगायला हवं होतं." मामांनी खुर्ची पुढे ओढली. "आता नीट ऐक. रिम इंचाने लहान घेऊ, टायर अरुंद घेऊ आणि चाक जरा आत बसेल असं बघू. शोभा नको, असं मी म्हणत नाही. पाच पाकळ्यांची रिम मागवून देतो, तीही छान दिसते. पण ती आधी फिरली पाहिजे, मग दिसली पाहिजे."

तीन आठवड्यांनी ती चाकं आली. मामांची तीन बोटं आत गेली आणि वर थोडी जागा उरली. मामांनी माझ्यात पोटभर हवा भरली आणि मी परत डिकीत आले. माझ्यावर आता फक्त गालिचा आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या पडून राहणाऱ्यांचं मागणं मोठं नसतं. महिन्यातून एकदा गालिचा उचला, अंगठा दाबून बघा. गाडीच्या अंगावर काही नवं चढवाल, तेव्हा ती रिकामी असताना कशी दिसते एवढंच पाहू नका. घरची माणसं बसल्यावर ती कशी चालते तेही पाहा. आणि कुठे घासल्याचा आवाज आला, तर रस्त्याला बोल लावू नका. थांबा.

परवा रविवारी, सकाळी सकाळी, घरात सगळे झोपले असताना सुईताई खाली आली. तिने नळाखाली पाण्याचे मोठे डबे भरले. आईच्या वजनाइतके डबे मागच्या सीटवर एका बाजूला ठेवले. मावशीचं वजन मात्र फोनवर तीनदा विचारूनही कळलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या बाजूला अंदाजाने भरले आणि वर एक डबा जास्तीचा ठेवला. सगळ्यांना पट्टे लावले. खाली वाकून पट्टीने जागा मोजली, कागदावर लिहिली, पुन्हा मोजली.

मग रेडिओ न लावता, काच खाली ठेवून, ती गाडीत बसली. फाटक आवाज न करता उघडलं होतं. गाडी वळली आणि त्या खोलगट उताराच्या रस्त्याला लागली.