घुबडीण आणि पाटावरचा दांडा

मित्रांनो, जुनी झाले म्हणून मला भंगारात काढू नका. माझी मान अजून ताठ आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, चिलखती गाडीच्या टपावर मी बसलेली असते. मी म्हणजे बंदुकीची बैठक. माझ्यामुळे जवानाला टपातून डोकं बाहेर काढावं लागत नाही. तो खाली पोलादाआड बसून पडद्यावर बघतो, मूठ फिरवतो. वळायचं काम माझं. दोन काचेचे डोळे आणि गर्रकन फिरणारी मान बघून कामगारांनी मला घुबडीण नाव ठेवलं. ठेवू देत. त्यांनी तरी आपली तोंडं कधी आरशात बघितलीत?

शिरोलीच्या भट्टीत माझं अंग ओतलं. माझ्यामागून झालेल्या सगळ्या सरहद्दीवर गेल्या. मी पहिली, म्हणून मला नव्यांना शिकवण्यासाठी इथंच ठेवलं. बंदुकीच्या जागी पोकळ नळी. पाहुणे आले की कौतुक, गेले की धूळ. सोळा बोल्टांनी आवळलेल्या बाईनं जायचं तरी कुठं?

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. त्या दिवशी सगळी हत्यारं पाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात, यंत्रं बंद ठेवतात. फोरमन भाऊसोंनी माझ्या कमरेचा हातदांडाही काढून पाटावर ठेवला. मग म्हणाले, "घुबडिणीचं तोंड पूजेकडं करा की."

वायरमन प्रसेनजीत गाडीत उतरला आणि डोक्यावरचं झाकण लावून घेतलं, कारण झाकण उघडं असलं तर मी हलतच नाही. मी वळू लागले. तोंड पूजेकडे आलंसं वाटताच भाऊसोंनी खटकन मेन स्विच पाडला. चालत्या मानेची वीज तोडली की माझा ब्रेक बसतो. मग वीज आली तरी, बाहेरून हातदांडा फिरवून तो सोडवल्याशिवाय काही चालू होत नाही, आतला पंखासुद्धा. आणि माझं बूड थांबलं होतं नेमकं त्या झाकणावर. मागचं दार वायरिंगच्या कपाटानं कधीचंच बुजवलेलं.

आतून हाक आली, "भाऊसो, झाकण उघडंना!"

भाऊसोंनी स्विच वर केला. मी ढिम्म. त्यांनी पाटाकडे बघितलं, दांड्यावरचं कुंकू बघितलं, आणि कपाळाचा घाम पुसला. "मांडल्यालं हत्यार उद्यापतूर हलवायचं न्हाय. शिरोलीतनं दुसरा दांडा मागवतो. तासाभराचं काम हाय. जरा दम धर, बाळा."

तासभर! वर पत्रा तापलेला, खाली पोलाद. प्रसेनजीतच्या मुठी माझ्या बुडाखाली आदळत होत्या. आधी भराभर, मग थांबून थांबून. गळ्यात झेंडूचा हार घालून मी एका जिवावर बसले होते, आणि मला इंचभर सरकता येत नव्हतं. ज्या आतल्या माणसाला वाचवायला मला घडवलं, त्यालाच मी कोंडलं होतं.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या आक्काताई प्रसादाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी ठोके ऐकले. ताट खाली ठेवलं आणि सरळ पाटावरचा दांडा उचलला.

"आक्काताई, पाप लागंल!" भाऊसो ओरडले.

"लागू दे मला. लोखंडाला देव म्हणतोयस आणि आत माणूस उकडतंय त्येचं काय न्हाय व्हय रं तुला? हो बाजूला!"

त्या टपावर चढल्या, माझ्या कमरेत दांडा घातला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. माझा ब्रेक कण्हला, सुटला. मी हातभर सरकले. झाकण उघडलं, आणि प्रसेनजीत घामानं निथळत वर आला. आक्काताईंनी त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या दिला, मग नारळाचा तुकडा. "खा. आणि पुन्हा आत जाशील तवा दांडा कुठं हाय ते बघून जा."

आता माझा दांडा साखळीनं माझ्याच कमरेला असतो. हळदीकुंकू तिथंच वाहतात. मित्रांनो, यंत्राची पूजा खुशाल करा, पण त्याच्या पोटात शिरलेल्या माणसाची वाट आधी मोकळी ठेवा.

आक्काताई रोज झाडून झालं की झाकणावर टकटक करतात. "कोण हाय का आत?" आत कोणी नसतं. तरी मी कान देऊन असते. सोळा बोल्टांत आवळलेल्या माझी तेवढीच एक विचारपूस होते.