खालून येतंय

१९७१च्या डिसेंबरातली सकाळ. सव्वासातला नाशिकच्या हवाई पहाऱ्याच्या खोलीत लताबाईंनी खिडकीवरचा ब्लॅकआउटचा काळा कागद काढला, थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि टेलिफोनच्या बोर्डवरून एकेका चौकीला घंटी देऊन पाहिली. पंचवटीत या वेळी आजी त्यांच्या मुलीची वेणी घालत असेल. रडार पहाटेपासून बंद पडले होते. ते सुरू होईपर्यंत नाशिकच्या आकाशावर गावोगावच्या स्वयंसेवकांचे डोळे आणि कान एवढाच पहारा उरला होता.

“सायखेड्याच्या चौकीवर कोण ऐकतंय?” सुभेदार खंडेरावांनी विचारले.

“बहिरू.”

“वा! ऐकायला बहिरूच मिळाला?”

लताबाई हसल्या. तेवढ्यात तीच घंटी वाजली.

“बाई, एक इमान हाय. लय आवाज. खालून येतंय...” पुढे नुसती खरखर.

ऐकले तेच शब्द लिहायचे, असा नियम होता. त्यांनी लिहिले: एक विमान, लय आवाज, खालून.

चिठ्ठी वाचताच खंडेरावांचा चेहरा उतरला. रडार चुकवण्यासाठी शत्रू जमिनीलगत येत असे. आपल्या वैमानिकांना उंचावरूनच परतण्याची ताकीद होती.

“तोफांना कळवा. दिसताच मारा.”

लताबाईंचा हात थबकला. सायखेडा त्यांचे माहेर.

“साहेब, आमच्याकडे खालून म्हणजे गोदेच्या खालच्या अंगानं. पूर्वेकडून. उंचीचं तो बोललाच नाही.”

पूर्वेकडून आपलेच एक विमान यायचे होते. त्याचा रेडिओ अर्ध्या तासापासून मुका होता. पण शत्रूही वळसा घालून उगवत्या सूर्याआडून येऊ शकत होता.

“पुन्हा विचारा त्याला!”

त्यांनी तीनदा घंटी दिली. लाइन मेली होती.

“खात्री आहे तुमची?”

“शब्दाची आहे. विमानाची नाही.”

“आणि चुकलो तर, बाई?”

“माझी मुलगी पंचवटीत आहे, साहेब. तरी म्हणते, थांबवा.”

दूरवर घरघर ऐकू येऊ लागली. खंडेरावांनी चिठ्ठीवरचे ‘खालून’ खोडले, ‘पूर्वेकडून’ लिहिले आणि सही केली.

“सांगा.”

लताबाईंनी तोफांच्या लाइनीत तार खोचली. “विमान पूर्वेकडून,” त्या रोजच्याच आवाजात म्हणाल्या. “ओळख पटेपर्यंत तोफ चालवायची नाही.”

पलीकडच्याने वाक्य परत म्हणून दाखवले. ते शब्दशः बरोबर होते. त्यांनी नोंदवहीत वेळ लिहिली: सात वाजून तेवीस मिनिटे.