नाकातलं वजन

आमच्या ह्यांना सगळे 'तीनदा सर' म्हणत. हवाई दलात नव्या मुलांना विमान शिकवताना कुठलीही गोष्ट हे तीनदा विचारत. इंधन पाहिलं? इंधन पाहिलंस? इंधन पाहिलंस ना? दोन सीटच्या त्या जुन्या जेटमध्ये पुढे शिकणारा आणि मागे हे. निवृत्त झाल्यावर ती सगळी कटकट माझ्या वाट्याला आली. मी पडदे शिवते. माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

त्याच जेटच्या छोट्या प्रतिकृतीचं किट त्यांनी कधीकाळी आणून माळ्यावर टाकलं होतं. वेळ मिळाला की करू म्हणून. वेळ मिळाला तेव्हा हात थरथरायला लागले होते. त्यातच छातीत पाणी झालं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, "फार तर दोन महिने," असं सांगितलं. माझं तोंड पाहून हे समजायचं ते समजले. घरी आल्यावर म्हणाले, "अगं, ते विमान एकदा तीन चाकांवर उभं राहिलेलं बघायचंय. हात तुझे, डोकं माझं."

"डोकं असतं तर आधीच नसतं का केलं?" मी म्हटलं आणि शिवणाचं टेबल रिकामं केलं.

हे माझ्या मागे खुर्ची टाकून बसत. सवयच ती. किट म्हणजे नुसता डोक्याला ताप. प्लास्टिक जुनं, वाकलेलं. पंख अंगाला लागेना. तांदळाएवढे भाग चिमट्यातून उडाले की मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायची. फटी पुट्टीनं भरायच्या, वाळल्या की पॉलिश पेपरनं घासायच्या, पुन्हा भरायच्या. आतल्या दोन सीट बसवायलाच नऊ दिवस गेले. आणि मागून चालूच, "हळू. हळू हं. हळू म्हणतोय ना!"

दहाव्या दिवशी माझा पारा चढला. "अहो, मी काही तुमची विद्यार्थिनी नाही! यापुढे एक गोष्ट दोनदा सांगितलीत, तर हे सगळं केराच्या टोपलीत जाईल."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकदाच म्हणाले, "धडाचे दोन्ही भाग चिकटवायच्या आधी नाकात वजन टाक. नाहीतर शेपटीवर बसेल."

"कळलं," मी म्हटलं.

पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत घालायचे शिशाचे तुकडे माझ्याच डब्यात होते. जन्मभर तेच तर घालत आले. पण मग ह्यांना धाप लागली. औषधं, वाफ, डॉक्टरांना फोन, यात दुपार गेली. संध्याकाळी मी गोंद लावला, दोन्ही भाग जुळवले आणि दोऱ्यानं बांधून ठेवले. डब्याची आठवणसुद्धा झाली नाही. हे मागे बसले होते. काहीच बोलले नाहीत, आणि मला मेलीला त्याचं बरंच वाटलं.

आठवड्यानं त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मी रंग दिला, आकडे चिकटवले, चाकं बसवली आणि गोंद वाळतोय न वाळतोय तोच विमान चपलांच्या खोक्यात घालून त्यांच्याकडे घेऊन गेले. पलंगावरच्या टेबलावर ठेवलं. सोडलं मात्र, ते मागे कलंडलं. शेपटी खाली, नाक वर, पुढचं चाक हवेत.

मला एकदम आठवलं. आता नाक उघडायचं तर सगळं कापायला हवं होतं.

त्यांनी चादरीतून हात काढला आणि एक बोट नाकावर ठेवलं. पुढचं चाक टेकलं. बोट थरथरत होतं, त्यामुळे चाक टेबलावर टकटक वाजत होतं.

"बघ," ते म्हणाले, "राहिलं की उभं."

परवा पहाटे ते गेले.

आज टेबल आवरताना किटचा सूचनांचा कागद हाती आला. प्रत्येक पायरीपुढे ह्यांनी पेन्सिलीनं तीन-तीन चौकोन काढले होते. दहाव्या दिवसापर्यंत तिन्हींत बरोबरच्या खुणा. 'नाकात वजन' यापुढे मात्र पहिल्याच चौकोनात खूण होती. दुसरा नि तिसरा रिकामे. शेजारी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "विसरली वाटतं. विचारू नये. चिडते."

विमान समोर आहे. बोटानं नाक दाबलं की तीन चाकांवर उभं राहतं, बोट काढलं की शेपटीवर बसतं. मागची खुर्ची मी हलवलेली नाही.

अहो, विचारा ना. मी नाही चिडणार. तीनदा विचारा.