नावाचं घर

माझा धंदा रेघा ओढण्याचा आहे. सडक अर्जुनीच्या बसथांब्यामागे माझं नकाशांचं दुकान आहे, तिथे मी तालुक्यातल्या लोकांना घरांचे नकाशे काढून देतो, आणि कोणी ‘अंदाजे बारा फूट’ म्हणालं की माझं डोकं फिरतं हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे लोक मुद्दाम अंदाजे बोलतात. नागपुरात राहून पुरातत्त्व शिकलो, त्याचा इथे कोणाला काडीचा उपयोग नव्हता. पण शिकता शिकता खापरांची आणि भिंतींची चित्रं काढण्यात हात बसला होता, आणि त्याच जोरावर चार वर्षांपासून यार्देन म्हणजे जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या एका उत्खननाचं काम मला घरबसल्या मिळत होतं. बायबलमधलं यरीहो शहर तिथून एका दिवसाच्या चालीवर. उत्खननाच्या प्रमुख हॅनाबाई तिकडून फोटो आणि मोजमापं पाठवायच्या, आणि मी इथे चहा पीत तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणाचं तरी घर कागदावर पुन्हा उभं करायचो. आमच्या स्वतःच्या घराला तेवढा मुहूर्त लागत नव्हता.

तो लागला जानेवारीत, धानाची मळणी आटोपल्यावर. कोहमाऱ्याच्या वाटेवर घेतलेल्या प्लॉटवर आम्ही सगळेच गेलो होतो. मी, चार महिन्यांच्या आचलला कडेवर घेतलेली माझी बायको डिंपल, आणि बोरं खात हिंडणारी आमची आठ वर्षांची गुंजन. दुधराम मिस्त्री जुन्या वळणाचे. माझा छापील नकाशा त्यांनी आदरानं घेतला, चार घड्या घातल्या आणि त्यावर बसले. त्यांचं माप हाताचं, म्हणजे घरधन्याच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तेवढी बांबूची कांडी तोडायची आणि तिनं सगळं घर आखायचं. मी फोनवर सिमेंटवाल्याशी हुज्जत घालत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “घर कोनाच्या नावानं हाये जी?”

मी फोनवर हात ठेवून म्हणालो, “गुंजनच्या.”

मला पाटीच दिसत होती. दारावर ‘गुंजन’ अशी पाटी लावायची हे आमचं दोन वर्षांपासून ठरलेलं होतं. पण आमच्याकडे सातबारा नावानं असतो, पाटीही नावानं असते आणि देवाला सोडलेलं कोंबडंसुद्धा कोणाच्या तरी नावानंच असतं, आणि मिस्त्रींनी यातलं काय विचारलं होतं हे मी तेव्हा विचारलं नाही. फोन ठेवून वळलो तर ते गुंजनचा हात फळीवर ठेवून कांडी तोडत होते आणि ती गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. मलाही हसू आलं. नंतर टेप लावून पाहिलं तर आखणी माझ्या नकाशाच्या इंच-दोन इंच इकडेतिकडे होती, म्हणून मी ते सोडून दिलं.

मजुरांना लांब नावं लागत नाहीत. आठवडाभरात ते बांधकामालाच गुंजन म्हणू लागले. गुंजनवर पाणी मारलं का, गुंजनले मुरूम किती लागंल, असं चालायचं, आणि आम्हाला त्याची मौज वाटायची. एका दुपारी दुधरामजींचा दुकानात फोन आला, “गुंजन भरून झाली भाऊ. चांगली दाबून टाकली.” पाया भरून झाला होता. मी पेढे घेऊन घरी गेलो.

फेब्रुवारीत शाळेतून बोलावणं आलं. गुंजनच्या बाई जरा घुश्शातच होत्या. पोरगी पहिल्या बाकावर बसते, पाढे घडाघडा म्हणते, पण हजेरीला नाव पुकारलं की तोंड उघडत नाही. अकरा दिवस त्यांनी चिडून तिला गैरहजर मांडलं होतं. घरी येऊन मी तिच्या पाठीमागे उभा राहिलो आणि हाक मारली. ती चित्र रंगवत होती, रंगवत राहिली. मी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. मग नुसतं ‘बेटा’ म्हणालो, आणि ती लगेच मान वळवून म्हणाली, “काय बाबा?” गोंदियाच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते खणखणीत निघाले. नाव आवडत नाही का गं, असं त्यांनी गोडीनं विचारलं तेव्हा तिनं आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि कोणाचं नाव म्हणून विचारलं. डॉक्टर हसले, आठ वर्षांची पोरं नाटकं करतात म्हणाले. मी हसलो नाही. आपली पोरगी नाटकी नाही हे बापाला कळतं.

त्याच सुमारास हॅनाबाईंनी एक कोडं पाठवलं. यंदा सापडलेल्या घराच्या भिंती कोणत्या मापानं बांधल्या असतील ते शोधून दे, असं त्यांनी लिहिलं होतं. बायबलच्या काळातला हात साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरचा, मोठा असला तर बावन्नचा. यांचं घर दोन्हीत बसत नव्हतं. मी दोन दिवस भागाकार केले आणि उत्तर काढलं. सगळ्या भिंती, खोल्या, दाराची रुंदी साडेतेहतीसनं नि:शेष भागली जात होती. मला फार आनंद झाला. हॅनाबाईंनी मात्र उलट लिहिलं की एवढ्या आखूड हाताचा माणूस असेल तर तो बुटकाच म्हणायचा, पुन्हा तपास. त्या दिवशी प्लॉटवर गेलो असताना दुधरामजींची कांडी भिंतीला टेकून उभी दिसली, आणि माझ्या खिशात टेप कायमचाच असतो. साडेतेहतीस. आठ वर्षांच्या कुठल्याही पोराचा हात साधारण तेवढाच भरेल, असं मी स्वतःला समजावलं. खरंच भरेल. पण तीन हजार वर्षांपूर्वी घर बांधणाऱ्यानं पोराच्या हाताचं माप कशासाठी घेतलं असेल, याचं उत्तर मला सुचेना, आणि तिथून माझी झोप उडाली.

उत्तर मार्चच्या सुरुवातीला आलं. त्या घराच्या ईशान्य कोपऱ्याखाली, पायाच्या पहिल्या दगडाखाली, एक मूल निजवलेलं सापडलं होतं, आठ-नऊ वर्षांचं. उजवा हात सरळ, जणू कोणी मोजायला धरला असावा. फोटोत शेजारी मोजपट्टी होती. मी माप घेतलं नाही, कारण ते किती येणार हे मला माहीत होतं. पण चित्र काढायचं तर माप टाकावंच लागतं, म्हणून शेवटी घेतलं. हॅनाबाई सावध बाई आहेत. लोक आता यरीहोची गोष्ट मध्ये आणतील, पण त्या काळी निम्मी मुलं अशीच दगावायची आणि आई-बाप त्यांना घराखाली, जवळ ठेवायचे, एवढंच आपण लिहायचं, असं त्यांनी बजावलं.

ती गोष्ट मला माहीत होती. शिकताना एकदा परीक्षेत लिहिली होती. यरीहो पडल्यावर शाप दिला गेला की हे शहर जो पुन्हा बांधील त्याला पाया घालताना थोरलं मूल द्यावं लागेल आणि वेशीची दारं बसवताना धाकटं. आणि पुढे शेकडो वर्षांनी हिएल नावाच्या माणसानं ते बांधलं आणि तसंच झालं. त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले होते.

आमची चौकट बसायची होती सोळा मार्चला. चौकटीची पूजा आमच्याकडे पायाइतकीच थाटात होते. डिंपलला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. अंगावर पिणारं बाळ, त्यात गुंजनची काळजी, उगाच आणखी घोर कशाला. घर थांबवावं असंही वाटलं, पण थांबवायला कारण काय देणार? म्हणून मी मनाशी एक ठरवलं. दुधरामजी विचारतील तेव्हा आपण पुढे व्हायचं आणि माझ्या नावानं म्हणायचं. स्पष्ट, शेजारणीलाही ऐकू जाईल असं. मग माझं काय व्हायचं ते होवो, आचल सुटली पाहिजे. हे ठरवल्यावर मला पुष्कळ हलकं वाटलं.

मुहूर्त दहाचा होता. डिंपल दोघींना घेऊन पुढे गेली आणि मी पाच मिनिटांसाठी दुकान उघडलं, एका गिऱ्हाईकाचा कागद ठेवायला. हॅनाबाईंचा निरोप येऊन पडला होता. उंबरठ्याखाली एक रांजण सापडला, त्यात तान्हं मूल, चार ते सहा महिन्यांचं, घाई नाही, सवडीनं काढ. मी तिथून पळत सुटायला हवं होतं. त्याऐवजी मी खुर्चीत बसलो आणि रांजणाची कड आखायला घेतली. का, ते मला आजही सांगता येत नाही. हात चालत होता, मी त्याच्याकडे पाहत होतो, आणि भान आलं तेव्हा चित्र पुरं झालं होतं आणि घड्याळात साडेनऊ वाजले होते. तरी अर्धा तास हातात होता. मोटारसायकल मी कशी हाणली ते माझं मला ठाऊक.

चौकट उभी होती. तिला झेंडूचं तोरण होतं, हळदीकुंकवाची बोटं होती, आणि दुधरामजी खाली बसून प्रसादाचा गूळ खात होते. पंडितजींना गोरेगावला लग्न होतं, म्हणून त्यांनी नवालाच उरकून घेतलं होतं.

“नाव?” मी विचारलं. “चौकट कोणाच्या नावानं बसवली?”

“वैनीनं सांगतलं ना जी,” ते म्हणाले.

डिंपल चौकटीत उभी होती, आचल तिच्या खांद्यावर झोपली होती. तिच्या चेहऱ्यावर सणाचा आनंद होता. “मीच म्हटलं,” ती म्हणाली, “गुंजनच्या नावानं घर, तर आचलच्या नावानं दार. नाहीतर मोठी होऊन विचारंल ना, माझं काऊन नाही म्हणून. दोघी सारख्याच आहेत आपल्याला.”

मी दुधरामजींच्या हातचा गूळ घेतला आणि तोंडात टाकला. खरं काय ते डिंपलला तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

आता ऑक्टोबर आहे. आम्ही नव्या घरात राहतो. गुंजनला शाळेत दुसऱ्या नावानं पुकारतात, बाई समजूतदार निघाल्या, आणि पोरीचं छान चाललं आहे असं सगळे म्हणतात. आचल तेरा महिन्यांची झाली. चमचा वाजला की वळते, हायवेवरच्या ट्रकच्या भोंग्याला हसते, धरून धरून चालते. मी तिला माय म्हणतो, चिमणे म्हणतो. नावानं हाक मारून पाहण्याची मात्र माझी छाती होत नाही, आणि डिंपलला यातलं काही माहीत नाही अशी माझी समजूत होती.

परवा अंगणवाडीच्या बाई लसीची यादी घेऊन आल्या. ओसरीवर बसून त्यांनी चष्मा लावला, यादीवरून बोट फिरवत खाली आल्या आणि नाव वाचायला तोंड उघडलं. डिंपल स्वयंपाकघरातून इतक्या घाईनं आली की तिच्या हाताचं पीठही तसंच होतं. तिनं आचलला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, “हेच आहे जी बाळ. वाचू नका, लिहून घ्या.” बाईंनी मान डोलावून लिहून घेतलं. डिंपलनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाई फाटकाबाहेर जाईपर्यंत ती तशीच उभी होती, पिठानं भरलेला तळवा बाळाच्या कानावर घट्ट दाबून.