सोमवारचा चहा

आमच्या मालकांच्या तोंडाची आग व्हायची ती फक्त सोमवारी. बाकीचे सहा दिवस तोंड शांत असायचं. जीभ तेवढी पेटलेली, पण तिची घराला सवय होती.

बांगलादेशच्या लढाईच्या वर्षीची गोष्ट. धाडच्या बाजारात ज्वारीचं पोतं उचलताना मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पुंजाजींच्या, छातीत कळ आली. आमचा मुलगा वैजनाथ बुलढाण्याला पंचायत समितीत कारकून. त्यानं बापाला तिथल्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त तपासायला अकोल्याला गेलं आणि तिकडून कळलं की रक्तात चरबी फार आहे. मालकांना तो अपमान वाटला. "चरबी म्हशीले असते. मी का म्हैस आहो?" तरी ती चरबी उतरायला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी घेतल्या. रोज सकाळचं जेवण झालं की एक. पहिले काही दिवस तोंड जरा लालसर व्हायचं, मग ते थांबलं. गोळ्यांची बाटली भिंतीतल्या देवळीत, गणपतीच्या मागं. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

आणि एका सोमवारी मी महादेवाच्या देवळातून आले, तर मालक ओट्यावर बसलेले, तोंड कुंकू फासल्यासारखं. कान लाल, मान लाल, छाती खाजवून खाजवून ओरखडे. "मिरच्या चोळल्यावानी होऊन राह्यलं," म्हणाले. दुपारपर्यंत उतरलं. आम्ही म्हटलं, उष्णता. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी मालकांनी मला खुणेनं गोठ्यात बोलावलं.

"वैजूची माय, हे सोमवारीच काऊन होते?"

"मले काय म्हाईत? महादेवाले इचारा."

"महादेवाले नाही, तुह्या सुनेले इचार. सोमवारी तू देवळात असतं. चुलीपाशी कोण असते?"

चुलीपाशी कोकिळा असायची. आमची सून, माहेर नांदुऱ्याचं. रेल्वेच्या गावची पोरगी, मॅट्रिक झालेली, बोलायला चुणचुणीत. वैजनाथ रोज एस.टी.नं जाऊन येऊन थकतो म्हणून बुलढाण्याला एखादी खोली घ्यावी, असं तिनं एकदा बोलून दाखवलं होतं. मालकांनी तेव्हाच सांगितलं होतं, "मी जिता हाओ तवरोक या घराचे दोन घरं होणार नाहीत." आता त्यांनी त्या वाक्याला शेवटची गाठ मारली. "मी जिता हाओ तवरोक," गोठ्यातल्या बैलालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "समजलं? म्हणून मले जिता ठेवायचं नाही तिले."

"काहीतरीच," मी म्हटलं. पण त्या दिवसापासून माझेही डोळे तिच्या हाताच्या मागं फिरायला लागले. संशय गोचिडासारखा असतो. बैलाला लागला म्हणता म्हणता धुणारीच्या अंगावर येतो.

ती कप राखेनं दोनदा घासायची. का? चहा दिला की मालक पितात का ते दाराआडून पाहायची. का? सासरा घशाखाली घोट घालतो का शिव्या देतो, हे लग्नानंतरच्या दोन वर्षांत कुठल्या सुनेनं पाहिलं नसेल? पण तेव्हा हे सुचलं नाही. ती कपावर बशी झाकून आणायची. "झाकून काऊन आणते?" मालक म्हणाले. मी तिला सांगितलं, उघडा नेत जा. तिनं उघडा नेला. "आज उघडा काऊन?" मालक म्हणाले.

मी तिच्याच पातेल्यातला चहा प्यायले. काही झालं नाही. "पातेल्यात नाही, कपात टाकते," मालकांचं उत्तर तयार. आणि तोंड पेटलं की ते तडक देवळीकडं जायचे, बाटली काढायचे आणि आणखी एक गोळी तोंडात टाकायचे.

"हे काय?"

"उतारा. डॉक्टरची गोळी आहे. घरची नाही."

मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, या घरात एका तरी वस्तूवर माणसाचा विश्वास आहे.

शेवटी एका सोमवारी त्यांनी कोकिळेला समोर उभं केलं. कप तिच्यापुढं धरला. "पे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण तिला सगळं वाचता आलं. कप घेतला आणि एका दमात रिकामा केला, तळातल्या साखरेसकट. पालथा करून दाखवला.

"झालं, मामाजी? का पातेलंबी पिऊ?"

दुसरा कुणी गप्प बसला असता. मालक म्हणाले, "ज्यानं टाकलं त्याले ते लागत नाही." आणि संध्याकाळी वैजनाथ आल्याबरोबर हुकूम सोडला, "इले नांदुऱ्याले पोचव. पुन्हा आणाची नाही."

वैजनाथ दारात पिशवी घेऊन तसाच उभा. बापापुढं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि बायकोकडं पाहायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी कोकिळेनं ट्रंक भरली. माझ्या पाया पडली, मालकांच्याही पडली, आणि उठता उठता म्हणाली, "मी जातो, मामाजी. पण सोमवार काही माह्यासंग नांदुऱ्याले येत नाही."

आला तो सोमवार. मी देवळात गेले नाही. चहा मी मांडला, माझ्या हातानं, आणि मालक चुलीसमोर पाट टाकून पहारा देत बसले. पत्ती पाहिली. साखर पाहिली. दूध तर हुंगलं. मग देवळीतली गोळी तोंडात टाकली आणि माझ्या हातचा वाफाळता चहा फुंकून फुंकून वर प्यायले.

घटकाभरात कान लाल झाले. मग गाल. मग मान. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतकं नीट पाहिलं नव्हतं.

"तू बी?"

"हाव," मी म्हटलं. "लग्न झालं तवापासून थेंब थेंब देऊन राह्यली. आज कुठं लागू पडलं."

ते हसले नाहीत. भिंतीला धरत देवळीशी गेले आणि या खेपेला दोन गोळ्या तोंडात टाकल्या. दारापर्यंत येता येता गुडघे वाकले. उंबऱ्यावर पडले ते उठेचनात. अंग लालभडक आणि घाम मात्र गार. शेजारच्या इंद्रभाननं जीप आणली आणि आम्ही त्यांना बुलढाण्याला नेलं. रस्ताभर मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते, आणि ते मधूनच डोळे उघडून पाहत होते की मांडी कुणाची आहे.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, सलाईन लावलं. मालकांना बोलता यायला लागल्यावर विचारलं, "गोळी जेवणावर घेता ना?"

"रोज. जेवणावर."

"आज काय जेवलात?"

"आज सोमवार आहे." डॉक्टर असून एवढं कळत नाही, असा सूर.

"म्हणजे?"

"उपास."

"मग गोळी?"

"औषधाले उपास नसते. चहासंग घेतली. चहा चालते उपासाले."

"गरम?"

"तं का थंडा?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो पुंजाजी, ही गोळी उपाशीपोटी घेतली आणि वर ऊन चहा प्यालात, तर तोंड पेटणारच. म्हणून तर पहिल्या दिवशी सांगितलं होतं, लाली येऊ शकते, पोट भरलेलं पाहिजे, गरम काही वर नको."

"जहर नाही?"

"कुणी दिलं?"

मालक छताकडं पाहायला लागले. मग मी उताऱ्याची हकिकत सांगितली. डॉक्टर पहिल्यांदाच चिडले. "एक म्हणजे एक! जास्त घेतली म्हणून रक्तदाब उतरला आणि पडलात. यकृताला इजा झाली असती म्हणजे? एखादी राहिली तर राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मनानं वाढवायची नाही, मनानं बंद करायची नाही. वेगळं काही वाटलं तर मला येऊन सांगायचं." आता पंधरा दिवस गोळी बंद, रक्त पुन्हा तपासायचं आणि मग ते सांगतील तशी सुरू करायची. सुरू झाली की सोमवारी संध्याकाळी, उपास सोडून जेवल्यावर.

बाहेर आल्यावर मालक माझ्या कानाशी लागले. "हा डॉक्टर नांदुऱ्याकडचा तं नाही ना?"

ते ऐकलं वैजनाथनं. कचेरीतून धावत आला होता बिचारा. जन्मात पहिल्यांदा बापाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "बाबा, तिले आणाले मी जाणार नाही. तुमी धाडली. तुमी आणा."

अंगात ताकद आली तसे मालक धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून एकटेच एस.टी.त बसले. नांदुऱ्यात काय बोलले ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. दिवस कलायच्या आत कोकिळेला घेऊन आले. ट्रंक त्यांनी स्वतः उचलून आणली होती. डॉक्टरांनी पोतं उचलू नका म्हटलेला माणूस. पण त्यावर मी बोलले नाही.

कोकिळा ओसरीत ट्रंकेजवळ उभी राहिली. बसली नाही, पदर सैल केला नाही. मालक सरळ चुलीशी गेले. साखरेचा डबा कुठला तेही त्यांना ठाऊक नव्हतं. फुंकणीनं फुंकता फुंकता डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानंच आलं असणार. पहिला चहा उतू गेला, दुसरा कपात आला. त्यावर बशी झाकून त्यांनी तो तिच्यापुढं धरला.

कोकिळेनं बशी उचलली. कपात पाहिलं. मग मालकांकडं पाहिलं. हात पुढं केला नाही.

मालकांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी त्यांनी तिच्या हातातून बशी घेतली, कपातला चहा थोडा बशीत ओतला आणि तिच्यासमोर, उभ्याउभ्या, भुरका मारून प्यायले.

"पाह्य," म्हणाले. "तोंड पाह्य माहं."

ती पाहत राहिली. सोनं घासून पारखल्यासारखं. "आज सोमवार कुठं आहे, मामाजी," म्हणाली, आणि कप घेतला.

ट्रंक मात्र ओसरीतच राहिली, कडी लावलेली. मी आत ठेव म्हटलं नाही. सोमवार आला. मी देवळात गेले. परत आले तर मालक ओट्यावर, साऱ्या गल्लीला दिसेल असे बसलेले, हातात कोकिळेनं केलेला चहा. गल्लीतली रुखमाबाई पाण्याला जाता जाता थांबली, तर तिलाही तोंड वळवून दाखवलं. डावा गाल, उजवा गाल. जसंच्या तसं, काळंसावळं.

दुपार टळली, तरी तसंच. तेव्हा कुठं ओसरीतून ट्रंकेची कडी काढल्याचा आवाज आला.