कारागिराचा निकाल

आमच्या ऑनलाइन शाळेत ग्रीक पुराणकथा मी शिकवते, आणि मुलं मला पाठीमागे खडूस म्हणतात हे मला ठाऊक आहे. प्रकल्पाच्या सूचना मीच लिहिल्यात. कथा स्वतःच्या शब्दांत, चित्रं, संदर्भ, वंशावळ आणि स्वतःचा विचार, प्रत्येकी दहा गुण. वंशावळ नसेल तर प्रकल्प अपूर्ण, म्हणजे नापास. 'स्वतःचा विचार' या रकान्यात मी आजवर कुणाला आठच्या वर चढू दिलेलं नाही. नवरा म्हणतो, तू स्वतःलाही सातच देशील. देईन की, त्यात काय!

यंदा वर्गात एक मुलगी होती. तोंड उघडलं की 'का?', म्हणून सगळे तिला 'काका' म्हणत. पहिल्या सत्रात तिने चांगल्याच गटांगळ्या खाल्ल्या होत्या. प्रकल्पातही नापास झाली असती, तर पुढच्या वर्षी हा विषय तिला घेता आला नसता. आणि विषय म्हणजे तिचा जीव की प्राण.

तिने पंखांची गोष्ट निवडली. कारागीर बाप पिसं आणि मेण जोडून पंख करतो, मुलाला उडायला शिकवतो. पोरगं सूर्याच्या फार जवळ जातं, मेण वितळतं आणि ते समुद्रात पडतं. सगळे त्या मुलालाच बोल लावतात. काकाने मात्र चक्क माझ्यासारखा गुणतक्ता मांडला आणि बापाला तपासलं! 'सूचना: स्पष्ट, कारणांसह. दहापैकी दहा. सराव: पहिलंच उड्डाण थेट समुद्रावरून. शून्य. लक्ष: मागे वळून बघत होता, पण स्वतः पुढे उडत होता. शिकवणाऱ्याने मागून उडावं. दहापैकी तीन.'

वाचता वाचता माझा चहा गार झाला. आणि मग दिसलं, वंशावळीची जागा कोरी होती.

मी मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, नियम तुमचाच आहे. आता तुम्हीच वाकवणार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्यांचं बरोबर होतं.

निकाल लागेपर्यंत दुरुस्ती चालत होती. मी काकाला व्हिडिओवर बोलावलं.

"वंशावळ का नाही?"

ती खाली बघत म्हणाली, "काढत होते, बाई. पण मुलाच्या नावाखाली पुढे काहीच येत नाही. मग नकोच वाटलं."

तरी मी सूट दिली नाही. "वाईट वाटलं म्हणून सोडून द्यायचं नाही. खाली काही नसेल तर बाजूला बघ. काढ, मी आहे इथेच."

ती शोधत राहिली. मी कॅमेरा सुरू ठेवून दुसरे प्रकल्प तपासत बसले. एकदम ती ओरडली, "बाई! या कारागिराला बहीण होती! तिचा मुलगा, म्हणजे याचा भाचा, याच्याच हाताखाली शिकत होता. भाच्याने करवत शोधून काढली, तर हा जळफळला आणि त्याला उंचावरून ढकलून दिलं!"

"मग?"

"मग काय, देवीने त्याचा पक्षी केला म्हणून वाचला. बाई, याचे गुण कमी करू?"

"तपासणारी तू आहेस."

वंशावळीत बहीण आली, भाचा आला. सूचनांचे दहा गुण काकाने तसेच ठेवले. "त्या खरंच चांगल्या दिल्या होत्या," म्हणाली. पण खाली नवा शेरा लिहिला: 'दोन शिष्य, दोघेही उंचावरून पडले. यापुढे याच्याकडे कुणी मुलं शिकायला पाठवू नयेत.'

मी 'स्वतःचा विचार' या रकान्यात दहा लिहिले. नोकरीत पहिल्यांदाच. ऊर भरून आला होता, आणि ही माझी विद्यार्थिनी आहे असं साऱ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

लगेच मुख्याध्यापकांचा फोन. "मॅडम, दहापैकी दहा? तुम्ही? काही चूक तर नाही ना झाली?"

"झाली ना," मी म्हटलं. "तो रकाना दहाचाच ठेवला."