वाकडी चकती

चकलीची भाजणी मळून तयार होती, तेल तापत आलं होतं आणि सोऱ्याची चांदणीची चकती सापडत नव्हती. दिवाळी जवळ आली की ती चकती हरवते, हा उल्काच्या घरचा नियमच होता. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या मृणालीने सोऱ्या नेला होता आणि चकत्या अर्ध्यामुर्ध्याच परत केल्या होत्या. तिच्या नावाने बोटं मोडून झाल्यावर उल्काचं लक्ष ओट्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथे वर्तमानपत्रावर कोऱ्या पोलादी चकत्या वाळत घातल्या होत्या. पातळ, गोल, कडेला सहा खाचा.

मृणालीला उशिरा का होईना लाज वाटली, अशी उल्काने स्वतःची समजूत घातली आणि त्यातली एक उचलली. सोऱ्याच्या मानाने ती लहान होती, म्हणून खाली मोठ्या भोकाची चकती ठेवली आणि दट्ट्या दाबला. काही येईना. अंगातलं सगळं बळ लावलं तेव्हा जे बाहेर आलं त्याला चकली म्हणता येईना आणि कडबोळंही म्हणता येईना. चकती काढून पाहिली तर जराशी वाकलेली. उल्काने ती पोळपाटावर ठेवून लाटण्याने सरळ केली, धुतली आणि होती तिथे ठेवून दिली. मग शेव केली.

संध्याकाळी सदानंद ऑफिसातून आला, हात धुतले आणि त्या चकत्या एकेक करून मऊ फडक्याने पुसायला बसला. तान्ह्या बाळाचं अंग पुसावं इतक्या मायेने. उल्का हातातलं काम टाकून जवळ आली.

"ह्या काय आहेत हो?" तिने विचारलं.

"मून क्लिप. हाशिमने नव्या मागवल्यात. शुक्रवारच्या मॅचसाठी."

सदानंदबद्दल इथे थोडं सांगायला हवं. इथे आखातात, अदलियातल्या एका छोट्या फर्ममध्ये तो अकाउंट्स सांभाळत असे, आणि बुदैयाच्या रस्त्यावर कुणी गाडी आडवी घातली तरी हॉर्न न वाजवणारा म्हणून ओळखला जात असे. कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. फर्मचा मालक हाशिम एकदा त्याला नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेला, तेव्हाही तो नाही म्हणता आलं नाही म्हणूनच गेला. तिथे या माणसाचा हात दगडासारखा स्थिर आहे, असा शोध लागला. हाशिमला इतका आनंद झाला की त्या दिवसापासून दर शुक्रवारी सकाळी तो स्वतः गाडी घेऊन दारात हजर असे. हाशिमला भाऊ नव्हता आणि मुलं लंडनला होती.

आता क्लबातलं ते रिव्हॉल्व्हर. ते असायचं क्लबातच, कुलपात. घरी येत त्या फक्त या चकत्या. रिव्हॉल्व्हर असून ते गोळ्या मात्र पिस्तुलाच्या खाई. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेला काठ असतो, त्यावर ते भोकात अडकून राहतं. पिस्तुलाच्या काडतुसाला तसा काठ नसतो. म्हणजे बार उडाला, तरी रिकामी पुंगळी आतच बसून राहते, कारण तिला बाहेर ढकलायला धरणार कुठे. म्हणून ही चकती. सहा खाचांत सहा काडतुसं अडकवायची, एका दमात सगळी भरायची आणि एका दमात सगळ्या पुंगळ्या बाहेर काढायच्या. सदानंदने हे सगळं बायकोला त्याच संध्याकाळी, प्रथमच, अगदी रंगात येऊन सांगितलं.

"आणि समजा, एखादी थोडी वाकली तर?" उल्काने शेवेच्या डब्याचं झाकण लावत विचारलं.

"मग चक्र घासतं. फिरतच नाही. खलास."

एरवी उल्काने तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. नवऱ्याला ती भीत नव्हती. पण या मॅचला एक शेपूट होतं. हाशिमने सदानंदला आणखी दोन वर्षं थांबायची गळ घातली होती. सांगलीत त्यांनी बांधलेल्या घराच्या स्विचबोर्डांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. दर वेळी 'फक्त दोन वर्षं' म्हणत उल्काचे केस इथेच पांढरे झाले. या वेळी तिने निक्षून सांगितलं होतं, मला जायचंय. सदानंदने तिलाही नाही म्हटलं नाही आणि हाशिमलाही नाही. त्याने तोडगा काढला. या मॅचमधून क्लबाच्या संघात नाव लागलं तर थांबायचं, नाही लागलं तर जायचं. हाशिमने हसून हातावर हात मारला. उल्का दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. आपलं उरलेलं आयुष्य बंदुकीच्या टोकावर ठेवलेलं कुठल्या बाईला आवडेल.

आणि आता त्या चकत्यांमधली एक वाकडी होती, आणि कुठली ते उल्कालाही ओळखता येत नव्हतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. सांगली आपोआप मिळणार होती. मी काय मुद्दाम केलं का, असं ती शुक्रवारपर्यंत स्वतःला सांगत राहिली. त्याने तिचं समाधान होईना, तेव्हा शेव जरा जास्तच करून ठेवली.

शुक्रवारी ती मॅचला गेली. आजवर कधी गेली नव्हती, त्यामुळे सदानंद बावरला आणि हाशिमने तिच्यासाठी सावलीत खुर्ची मांडली, पाणी आणून दिलं, बारांचा आवाज अडवायला कानाला लावायचा टोप दिला. सपाट माळ, मातीचा मोठा बांध आणि त्याच्यापुढे निशाण्याच्या पांढऱ्या लोखंडी पट्ट्या उभ्या. सदानंद पुढे आला, उभा राहिला आणि पट्ट्या पडायला लागल्या. उल्का बघतच राहिली. घरी हा माणूस दुधाच्या पिशवीचं टोक कापताना तीनदा विचार करायचा. इथे त्याचे हात कुणा दुसऱ्याचेच वाटत होते. पुंगळ्या सांडल्या, नवी चकती आत गेली, पुन्हा पट्ट्या पडल्या. आपल्याला याचा अभिमान वाटतोय हे लक्षात आल्यावर उल्काला स्वतःचाच राग आला.

शेवटची फेरी उरली. सदानंद बाकावर एकटा बसला होता. कमरेच्या पट्ट्याला दोनच भरलेल्या चकत्या उरल्या होत्या. उल्का उठली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.

"अहो, ऐका. तुमच्या चकत्यांमधली एक वाकडी आहे. मी सोऱ्यात घातली होती. मला वाटलं, मृणालीने आणून दिल्या."

सदानंद पट्ट्याकडे बघत राहिला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"खाचेत तीळ होता."

उल्काने वाकून चकत्यांकडे पाहिलं.

"सकाळी इथे आल्यावर सगळ्या लावून बघितल्या. एकच घासते. ही." त्याने शेवटच्या चकतीला बोट लावलं. "शेवटी वापरायची म्हणून मागे ठेवलीय. अडकली की झालं."

"म्हणजे मुद्दाम?"

"मलाही जायचंय गं," सदानंद म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की उल्काला पुढे वाकावं लागलं. "केव्हापासून जायचंय. पण हाशिमला तोंडावर कसं सांगू? एवढं केलंय त्याने. हरलो असतो तर सांगावं लागलं नसतं."

उल्का आठवडाभर अपराध्यासारखी वावरली होती आणि हा गृहस्थ तिच्या भाजणीच्या आडोशाला लपून बसला होता. ती संतापली. त्याच क्षणी तिला त्याची इतकी माया आली की कुठलं आधी बोलावं ते कळेना.

"ती काढा," शेवटी ती म्हणाली. "चांगली लावा. आणि नीट मारा. मला सांगलीला जायचंय, पण हरलेला नवरा घेऊन नाही. हाशिमभाईंना काय सांगायचं ते तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगणार नाही."

सदानंदने बॅगेतली दुसरी चकती काढली, सहा काडतुसं दाबून बसवली आणि उठला.

एकही पट्टी उभी राहिली नाही. क्लबातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हाशिम दोन्ही हात पसरून पळत आला आणि त्याने सदानंदला मिठीच मारली. संघ ठरला, अबू धाबीची ट्रिप ठरली, दोन वर्षं ठरली, सगळं तो एका श्वासात बोलून गेला. सदानंदने उल्काकडे पाहिलं. उल्काने पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं.

"हाशिमभाई," सदानंद म्हणाला, "दो साल मफी. नहीं रुकेगा. हम घर जाएगा. मेरे को जाना है."

कानावरचा टोप त्याने काढलाच नव्हता. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं नाही त्याने एवढ्या मोठ्याने म्हटलं की माळावरचे सगळे वळून बघायला लागले. हाशिमचे हात हळूहळू खाली आले. त्याने पांढऱ्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग आपल्या गाडीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. सदानंद नुसताच हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत राहिला, कारण त्याला ऐकू आलं नव्हतं. उल्काने आपला टोप केव्हाच काढला होता, तिला आलं होतं. हाशिमने विचारलं होतं, "तो जुम्मे को मैं किसको लेने आऊँगा?"

उल्काने पर्स मिटली. जवळ जाऊन तिने नवऱ्याच्या कानांवरचा टोप काढून हातात घेतला.

"ते काय म्हणतायत ते नीट ऐकून घ्या," ती म्हणाली. "घाई नाही. मी गाडीत बसते."